न घडलेल्या अपघातांची वही

सॅन फ्रान्सिस्कोचा सुप्रसिद्ध गोल्डन गेट पूल 1933 साली बांधायला घेतला, तेव्हा अमेरिकेतल्या पूल बांधणाऱ्यांत एक हिशेब रूढ होता : दहा लाख डॉलर खर्चामागे एक माणूस दगावायचाच! सिमेंट-पोलादाचा अंदाज करावा तसा हा माणसांचा अंदाज. साडेतीन कोटी डॉलरांचे काम, म्हणजे 35 माणसे. मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस याला काही हे मानवेना. त्याने पुलाखाली भले मोठे जाळे ताणले आणि त्यापायी 1 लाख 30 हजारांवर डॉलर मोजले. त्या जाळ्यात पडून 19 माणसे वाचली. 17 फेब्रुवारी 1937 रोजी मात्र एक परांची तुटून जाळ्यासकट खाली गेली आणि 10 जण प्राणास मुकले. सारे मिळून बळी 11.

जाळ्याचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण मला विचारात पाडतो तो आधीचा हिशेब. मोजदाद तेव्हाही होत होती. फक्त ती मेलेल्यांची होती.

न मेलेल्यांकडे लक्ष वळवले ते हर्बर्ट हाइनरिक या विमा कंपनीतल्या गृहस्थाने. अपघातांचे हजारो कागद चाळून 1931 सालच्या आपल्या ग्रंथात त्याने एक प्रमाण मांडले : एका मोठ्या दुखापतीमागे 29 किरकोळ दुखापती आणि 300 असे प्रसंग, की ज्यांत कुणाला खरचटलेदेखील नाही. पुढच्या अभ्यासकांनी या आकड्यांवर बरेच आक्षेप घेतले, आणि ते रास्तही आहेत. परंतु ‘थोडक्यात वाचलो’ असे म्हणून आपण जे विसरून जातो ते लिहून ठेवावे, ही गोष्ट टिकली. हाइनरिकने आणखी एक निष्कर्ष काढला होता. शंभरांतले 88 अपघात म्हणे कामगारांच्याच चुकीने होतात! आता ते कागद भरले होते कुणी? बव्हंशी मालकांनी आणि देखरेख करणाऱ्यांनी. मुकादमाने लिहिलेल्या नोंदीत मुकादमाची चूक सापडावी तरी कशी?

याच जुन्या उद्योगाला हल्ली ‘डेटा ॲनालिटिक्स’ असे भारदस्त नाव आहे. ‘डेटा’ला आमच्या भाषाप्रेमी मंडळींनी ‘विदा’ हा सुटसुटीत शब्द दिला. माझे विद्यार्थी उत्तरपत्रिकेत त्याची ‘विद्या’ करतात, आणि मीही फारसे गुण कापत नाही.

बॉस्टनच्या सफोक या बांधकाम कंपनीने जुन्या कामांच्या नोंदी आणि कामावर काढलेली लाखो छायाचित्रे संगणकापुढे ठेवली. छायाचित्रांत तो काय पाहतो? डोक्यावर शिरस्त्राण आहे का, शिडी नीट टेकली आहे का, कडेला कठडा आहे का. त्याला हवामान, कामाचे वेळापत्रक, पूर्वीचे अपघात यांची जोड द्यायची आणि येत्या आठवड्यात कोणत्या कामावर धोका अधिक, हे आधी सांगायचे. एका कंपनीचे अपघात यंत्राला शिकवायला पुरत नाहीत. म्हणून 2019 साली सफोकने प्रतिस्पर्धी कंपन्यांनाच बरोबर घेऊन एक मंडळ उभारले. निविदेत एकमेकांची पोटे फाडणारी मंडळी अपघातांच्या नोंदी एकत्र करतात, हे मला त्या यंत्राहूनही नवलाचे वाटते.

या साऱ्या पसाऱ्यातून कधी कधी अगदी साधी गोष्ट हाती लागते. टोरांटोच्या अभ्यासकांनी पाहिले, तो नव्या नोकरीच्या पहिल्या महिन्यात दुखापतीचा धोका वर्षभर मुरलेल्या माणसाच्या सुमारे तिप्पट! नवख्याला जिन्याची उघडी कड ठाऊक नसते, लिफ्टचा खड्डा कुठे आहे ते ठाऊक नसते, आणि विचारायची भीड वाटते.

आता आपल्या मुंबई-पुण्याचा मजुरांचा नाका डोळ्यांपुढे आणा. सकाळी आठला डबा आणि थापी घेऊन उभा असलेला तो गवंडी, ती बिगारीण. आज एका इमारतीवर, उद्या दुसऱ्या. त्यांचा तो पहिला महिना कधी सरतच नाही. शिवाय यांचे नाव हजेरीपटावर चढेलच असेही नाही, आणि जो पटावरच नाही त्याची विदा कुठली? बांधकाम मजुरांसाठी 1996 साली केंद्राने स्वतंत्र कायदा केला, त्यात नावनोंदणीची तरतूद केली. तरी नाक्यावरचा माणूस वहीपर्यंत पोचायचा राहतोच. इमारतीला दृष्ट लागू नये म्हणून काळी बाहुली मात्र न चुकता टांगलेली असते.

आणखी एक शंका मनात येते. कॅमेरे आणि मनगटावरचे पट्टे पाहणार कुणाला? टोपी न घालणाऱ्या मजुराची रोजी कापायला त्यांचा उपयोग होणार असेल, तर हाइनरिकच्या 88 टक्क्यांचीच ती नवी आवृत्ती. कठडा न बसवणारा ठेकेदारही त्या चित्रात आला पाहिजे.

माझा एक जुना विद्यार्थी अभियंता झाला असून अशाच एका इमारतीच्या कामावर असतो. त्याने दोनशे पानी वही घातली आणि ‘थोडक्यात वाचलेले’ प्रसंग लिहायला सांगितले. पहिल्या महिन्यात वही कोरी! मजुरांना वाटे, सांगितले तर पगार कापतील. मग त्याने नावाचा रकानाच खोडून टाकला. फक्त वेळ, जागा आणि काय पडले एवढेच ठेवले. पाने भरू लागली. थोड्या दिवसांनी जागेचा रकाना वरून खाली वाचताना त्याच्या लक्षात आले, की विटांचे तुकडे बहुतेक वेळा मागच्या बाजूलाच पडतात. तिथे वर वीटकामाची परांची होती, आणि बरोबर तिच्याखाली पिण्याच्या पाण्याचा पिंप. दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी सगळी माणसे तिथे जमत.

जाळी मागवायला ठेकेदाराने चार दिवस लावले. पिंप मात्र त्याच दुपारी दोघांनी उचलून जिन्याखाली नेऊन ठेवला.