वेग नेमका कुठे हवा?

२०२३ च्या जूनमधली गोष्ट. माझी भाची बी. कॉम.ला गेली आणि तिला लॅपटॉप घ्यायचा होता. दुकानातून तिचा फोन आला, "मामू, हे म्हणतात आय-फाइव्हऐवजी आय-सेव्हन घ्या. पंधरा हजार जादा पडतील, पण मशीन पळेल!" ते पंधरा हजार म्हणजे माझ्या बहिणीने शिलाई करून बाजूला टाकलेली पुढच्या सहामाहीची फी. मी म्हटलं, "बेटा, आज काही घेऊ नकोस. घरी ये."

मी कविता लिहिणारा माणूस, पण माझ्या जुन्या लॅपटॉपने मला एक धडा शिकवला होता. तो सुरू होईपर्यंत माझा चहा उकळून, गाळून, पिऊन व्हायचा. मी प्रोसेसरला दोष देत होतो. दुरुस्ती करणाऱ्या मुलाने मात्र प्रोसेसरला हातही लावला नाही. आतली फिरणारी हार्ड डिस्क काढून त्याने एसएसडी बसवली आणि तोच लॅपटॉप अर्ध्या मिनिटात सुरू होऊ लागला.

असं का झालं? प्रोसेसर म्हणजे आचारी समजा. डिस्क ही कोठी आणि रॅम हा ओटा. आचारी कितीही चपळ असला, तरी कोठीतून सामान उशिरा आलं किंवा ओटा अपुरा पडला, तर तो हात बांधून उभाच राहणार. दहा मिनिटांच्या कामात प्रोसेसरची दोनच मिनिटं असतील, तर दुप्पट वेगाचा प्रोसेसर घेऊन एकच मिनिट वाचेल. याच धर्तीचा हिशेब संगणकतज्ज्ञ जीन अॅम्डल यांनी १९६७ साली मांडला होता.

नुसत्या नावावरही जाऊ नये. २०१६ साली आलेल्या आय-सेव्हन ७५००यू या प्रोसेसरमध्ये दोन कोअर, म्हणजे दोन आचारी होते. पुढच्याच वर्षीच्या आय-फाइव्ह ८२५०यू मध्ये चार! म्हणून सात की पाच, यापेक्षा पिढी कोणती आणि कोअर किती, हे आधी विचारावं.

मग वेगवान प्रोसेसर कुणी घ्यावा? व्हिडिओचं संकलन, इमारतींची त्रिमितीय चित्रं, मोठे प्रोग्रॅम अशी कामं करणाऱ्यांनी जरूर घ्यावा. तिथे प्रोसेसर बराच वेळ पूर्ण ताकदीने राबतो. शिवाय लॅपटॉपचा प्रोसेसर बहुधा बोर्डावर कायमचा बसवलेला असतो. एसएसडीसारखा तो मागाहून बदलता येत नाही. खरी गरज असेल, तर सुरुवातीलाच पैसे घालावेत.

गरज ओळखायची कशी? विंडोज असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. आपलं नेहमीचं काम चालू ठेवून प्रोसेसर, मेमरी आणि डिस्कचे आकडे पाहा. काम रखडतं तेव्हा जो आकडा शंभराकडे जातो, अडचण बहुधा तिथे असते.

भाचीने मैत्रिणीच्या लॅपटॉपवर टॅली, एक्सेल आणि इंटरनेट एकदम चालवून पाहिलं. प्रोसेसर वीस टक्क्यांच्या आसपास, मेमरी मात्र नव्वदच्या वर! तिने आय-फाइव्हच घेतला, एसएसडी असलेला, आणि रॅम आठऐवजी सोळा जीबी. थोडे पैसे रॅमवर गेले. उरलेले तिने आईच्या हातात ठेवले आणि त्या सहामाहीची फी वेळेवर भरली गेली.