मन पोखरले तर १४४१६



उसाला हुमणी लागली की आपण लगेच शेतकी मदतनिसाला निरोप धाडतो. घरातला माणूस आतून पोखरत चालला असेल तर मात्र 'होईल ठीक' म्हणून सोडून देतो. पाबळसारख्या कमी पावसाच्या भागात विहिरीवर ऊस करणाऱ्याला काळज्या काय थोड्या? पाणी पाळीला पुरेल का, तोड कधी मिळेल, सोसायटीचा हप्ता कसा भरायचा. झोप उडते, घास उतरत नाही, माणूस पारावर बसेनासा होतो. असे दोन आठवड्यांवर चालले तर तो स्वभाव समजू नये. तो आजार असू शकतो, आणि त्यावर उपचार आहे.

पण 'येरवड्याला नेला' हा शिक्का गावात एकदा बसला की निघत नाही, म्हणून डॉक्टरकडे जायचे राहते. अशांसाठी केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेली-मानस' सेवा सुरू केली. १४४१६ लावावा. पैसे पडत नाहीत, रात्री दोनलाही लागतो, साधा बटणाचा फोनही चालतो. आधी भाषा विचारतात, मराठी निवडावी. मग प्रशिक्षित समुपदेशक बोलतो. गरज वाटल्यास मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतात, नाहीतर जवळच्या सरकारी दवाखान्याची वाट दाखवितात. माणूस स्वतः तयार नसेल तर बायकोने, भावाने फोन करून सल्ला घेतला तरी चालतो. २०२४ पासून ॲपही आहे; पोरांकडून मोबाईलवर घेता येईल. (त्याच मोबाईलवर रमीत पैसे घालविण्यापेक्षा हे बरे!) मात्र या सेवेला बँकेचा तपशील किंवा ओटीपी लागत नाही. कोणी मागितला तर तो भामटा समजून फोन ठेवावा.

दुसरी भीती पोलिसांची. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २०१८ पासून लागू आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता, असेच आता कायदा धरून चालतो. उलट सिद्ध झाल्याशिवाय त्याला शिक्षा नाही. त्याची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य ठरविले आहे. तेव्हा केस होईल म्हणून कोणी लपवू नये.

आणि औषध पोटात गेलेच असेल तर १४४१६ वर बोलत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा, घरगुती उपाय करू नका, बाटली लेबलासकट सोबत न्या. फवारणीची औषधे एरवीही कुलपात ठेवा, आणि घरात कोणी खचलेले असेल तर किल्ली दुसऱ्याच्या कनवटीला असू द्या.