स्नायूंची डागडुजी आणि अमिनो आम्लांची पावडर

वजन उचलण्याच्या व्यायामात स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. वजन सावकाश खाली आणताना ती अधिक होते, कारण तेव्हा स्नायू लांबत असतो आणि जोरही लावत असतो. बैठका मारल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ठणकतात, त्या यामुळेच. या इजेच्या डागडुजीसाठी व्यायामानंतर साधारण २४ ते ४८ तास स्नायूंत नवी प्रथिने बनण्याचा वेग वाढलेला असतो.

प्रथिने बनतात २० अमिनो आम्लांपासून. त्यांपैकी ९ शरीराला तयार करता येत नाहीत, ती अन्नातूनच मिळवावी लागतात. ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही त्यांतलीच तीन. जिममध्ये ‘बीसीएए’ म्हणून जे रंगीत, आंबटगोड पाणी हलवून पितात, त्यात हीच असतात, बहुधा २:१:१ या प्रमाणात. ल्युसिन दुप्पट, कारण पेशीतली ‘एमटॉर’ ही प्रथिननिर्मितीची यंत्रणा तेच चालू करते. पण यंत्रणा चालू झाली तरी उरलेली सहा आम्ले हवीतच. बाहेरून आली नाहीत, तर ती मुख्यतः शरीराचीच प्रथिने मोडून मिळवावी लागतात.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात व्यायामानंतर ५.६ ग्रॅम बीसीएए घेणाऱ्या तरुणांच्या स्नायूंत प्रथिननिर्मिती नुसते चवीचे पाणी पिणाऱ्यांपेक्षा २२ टक्के अधिक दिसली. वाढ खरी, पण आधीच्या प्रयोगांत व्हे (दुधाच्या निवळीतल्या) प्रथिनाने झालेल्या वाढीच्या जेमतेम निम्मी. व्हेमध्ये नऊही आम्ले असतात, हा फरक. ठणका बीसीएएने थोडा कमी होतो असे काही चाचण्यांत आढळते, मात्र ताकद लवकर परत येते असे ठामपणे म्हणता येत नाही.

खरा प्रश्न दिवसभराच्या प्रथिनांचा आहे. अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये निघाला. त्यानुसार व्यायाम करणाऱ्यांना वजनाच्या दर किलोमागे सुमारे १.६ ग्रॅमपर्यंत प्रथिनांचा फायदा होतो, त्यापुढे फारसा नाही. ६० किलोच्या माणसाला हे ९६ ग्रॅम पडतात. वरणभातावर भागवणाऱ्याला ते सहज जमणारे नाही, हेही खरे. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, १०० ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांत ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. त्या नऊ आम्लांपैकी ज्वारीत लायसिन कमी, कडधान्यांत मेथिओनिन कमी. भाकरी-उसळ एकत्र खाल्ली की दोन्हींची उणीव भरून निघते. एवढे पोटात जात असेल, तर वर बीसीएएचा डबा घेऊन फारसे काही साधत नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा पावडरी घेऊच नयेत.