पाठनियोजन व अध्ययनप्रेरणा

विशिष्ट वर्गास एखादा घटक शिकविण्यापूर्वी उद्दिष्टे, आशय, अध्ययन-अनुभव व मूल्यमापन यांची केलेली पूर्वयोजना म्हणजे पाठनियोजन. जर्मन शिक्षणतज्ज्ञ योहान हेर्बार्ट (१७७६–१८४१) याने अध्यापनात अभिरुचीला मध्यवर्ती स्थान दिले. त्याच्या अनुयायांनी प्रस्तावना, विषयनिरूपण, तुलना, सामान्यीकरण व उपयोजन या पाच पायऱ्या रूढ केल्या. पुढे पाठ-टाचणांत त्यांना साचेबंद रूप आले आणि प्रेरणा बव्हंशी प्रस्तावनेपुरती उरली. हेतुकथन झाले, की वर्ग पुन्हा श्रोता होतो.

प्रेरणा टिकण्यासाठी विद्यार्थ्यास आपला वाटणारा प्रश्न पाठाच्या अखेरपर्यंत जागता राहावा लागतो. अमरावती जिल्ह्यातील भातकुली परिसर पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात मोडतो. तेथे ‘द्रावण’ हा घटक व्याख्येने सुरू करण्याचे कारण नाही. विहिरीचे आणि थेट भांड्यात धरलेले पावसाचे पाणी सारख्या मापाने दोन बशांत आटवावे. पहिलीत पांढरट थर राहतो, दुसरीत जवळजवळ काहीच नाही. हा थर कोठला, त्याने पीक का खुंटते, असे प्रश्न येथून निघू शकतात. व्याख्या त्यांमागून यावी. अशा प्रश्नांसाठी टाचणात जागा मोकळी ठेवावी, मग तपासनिसास ती अपुरी तयारी वाटली तरी चालेल.

वर्धा येथे १९३७ साली मांडलेल्या नई तालीम योजनेत समवायाचे तत्त्व होते. ६४० तारांची गुंडी मोजताना गणित येई. मात्र प्रत्येक विषय टकळीशी ओढूनताणून जोडल्यास समवायही कृत्रिम होतो. बोर्डी-कोसबाड परिसरात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी नियोजनाचा आरंभ मुलाच्या दिनक्रमापासून केला: त्यांच्या कुरणशाळेत शिक्षक गुरे राखणाऱ्या मुलांकडे कुरणावर जात.