विलगीकरणाच्या टाकीत काय बिघडतं?
नवा समुद्री मासा मुख्य टाकीत सोडण्याआधी 4 ते 6 आठवडे वेगळा ठेवतात. छत्रपती संभाजीनगरात घात करतो तो उन्हाळा. पारा चाळिशी ओलांडतो, पाणी उडतं, मीठ मात्र टाकीतच उरतं; लिटरमागे 35 ग्रॅमचं प्रमाण नकळत वाढतं. म्हणून भर गोड्या पाण्याचीच, नळाचं असेल तर क्लोरीन काढून. माशाच्या अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांवर तांब्याचं औषध चालतं, पण टाकीत कोळंबी किंवा प्रवाळ असेल तर तेच विष. अमोनिया मारणाऱ्या काही द्रव्यांशी ते मिसळलं, तर मासाही दगावू शकतो. बिचकलेला मासा उडी मारतो, जाळी हवीच. आणि पाणी बदलताना हीटर चालू राहिला, तर त्याची उघडी पडलेली काच तडकते.