माजी राज्यकर्त्याचा न्याय कोठें व्हावा ?

सत्ता हातीं असतांना ज्यानें प्रजेचा छळ केला, त्यास पदच्युत झाल्यावर कोणत्या न्यायालयापुढें उभें करावें, हा प्रश्न ऐकावयास सोपा वाटतो. आफ्रिकेंतील चाड देशाचा माजी अध्यक्ष हिसेन हाब्रे याच्या खटल्यावरून तो किती बिकट आहे, हें आमच्या वाचकांच्या ध्यानीं येईल.

हाब्रेनें सन १९८२ पासून १९९० पर्यंत राज्य केलें. त्याच्या गुप्त पोलिसांच्या कोठड्यांत हजारों माणसें मेलीं. सत्ता जातांच तो सेनेगल देशांत डाकार येथें जाऊन निर्धास्त राहिला. सन २००० मध्यें पीडितांनीं तेथेंच फिर्याद गुदरली. परंतु परकीयानें परदेशीं केलेल्या छळाचा न्याय करण्याचा अधिकार आपणांस नाहीं, असें तेथील न्यायालयांनीं ठरविलें. पीडित मग बेल्जमकडे वळले. माजी अध्यक्ष म्हणून हाब्रेस जें कवच लाभलें असतें, तें चाडनेंच २००२ सालीं काढून घेतलें. बेल्जमनें २००५ सालीं त्याची मागणी केली. तरी सेनेगल त्यास स्वाधीन करीना.

हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय मग कशासाठीं आहे, असें कोणी विचारील. त्याचा अधिकार १ जुलै २००२ पासून पुढें घडलेल्या गुन्ह्यांपुरताच आहे. त्याच नगरांतील दुसरें आंतरराष्ट्रीय न्यायालय राष्ट्राराष्ट्रांमधील तंटे ऐकतें. तें व्यक्तीस शिक्षा देत नाहीं. (या दोहोंची गल्लत शिकलेले लोकही करितात.) आश्चर्य हें कीं, वाट निघाली ती या दुसऱ्याच न्यायालयांतून. छळाविरुद्धच्या १९८४ च्या करारान्वयें, आरोपी ज्या देशांत सांपडेल त्यानें त्याच्यावर खटला भरण्याची कारवाई करावी, नाहीं तर त्यास स्वाधीन करावें, असें बंधन आहे. या आधारें बेल्जमनें २००९ सालीं सेनेगलवर दावा लावला व २०१२ सालीं तो जिंकला.

सेनेगलनें आपला कायदा २००७ सालींच बदलला होता. परंतु जुन्या कृत्यांचा न्याय करावयाचा तर न्यायालय आंतरराष्ट्रीय स्वरूपाचेंच हवें, असें पश्चिम आफ्रिकेच्या प्रादेशिक न्यायालयानें २०१० मध्यें सांगितलें होतें. म्हणून सेनेगल व आफ्रिकी राष्ट्रसंघ यांनीं डाकार येथें एक खास न्यायालय निर्माण केलें. त्यानें ३० मे २०१६ रोजीं हाब्रेस जन्मठेप दिली; २०१७ मध्यें अपिलांतही ती कायम राहिली, व ७,३९६ पीडितांस नुकसानभरपाई मंजूर झाली. हाब्रे २०२१ सालीं डाकार येथेंच मरण पावला. तोंपर्यंत त्या रकमेंतील एक पैही पीडितांच्या हातीं पडली नव्हती.