चार प्रहर, अनेक पंथ

सगळ्या ख्रिस्ती पंथांची एकत्र प्रार्थना म्हटली, की बहुधा जानेवारीतली एखादी संध्याकाळ ठरते. १८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्यासाठीचा प्रार्थना सप्ताह १९०८ साली अमेरिकेत सुरू झाला. पाळकसाहेबांनी वाचन करायचं, फादरांनी आशीर्वाद द्यायचा, मध्ये सगळ्यांना येणारी दोन गीतं. तासाभरात आटोपतं. कुणाला खटकेल असं काही त्यात नसतं आणि म्हणूनच कुणाचीच प्रार्थना त्यात पुरती उतरत नाही. रात्रभराच्या जागरणाची गोष्ट वेगळी. तिथे प्रत्येकाला आपल्या पद्धतीने प्रार्थना करायला पुरेसा वेळ मिळतो.

ही वेळ वाटून घेण्याची रीत जुनी आहे. जर्मनीतल्या हर्नहुट इथे काउंट झिन्झेनडॉर्फच्या जमिनीवर मोराव्हियातून परागंदा झालेली माणसं आणि इतर प्रोटेस्टंट राहत होते. त्यांच्यातले वाद विकोपाला गेले होते. १७२७च्या ऑगस्टमध्ये समेट झाला आणि त्याच महिन्यात २४ पुरुष व २४ स्त्रियांनी अहोरात्र प्रार्थनेचे तास वाटून घेतले. ही साखळी शंभर वर्षांहून अधिक काळ चालली. जॉन वेस्लीने १७४०च्या दशकात मेथडिस्टांमध्ये रात्रीच्या जागरणाची प्रथा रुजवली.

आज अशा जागरणाची आखणी करताना मार्कच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय उपयोगी पडतो. संध्याकाळ, मध्यरात्र, कोंबडा आरवण्याची वेळ आणि पहाट असे रात्रीचे चार भाग त्यात येतात. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा असे तीन-तीन तासांचे चार प्रहर धरावेत आणि प्रत्येक प्रहर एकेका परंपरेकडे पूर्णपणे सोपवावा. महाराष्ट्रात पर्याय भरपूर आहेत. सहा परंपरा एकत्र येऊन १९७० साली नागपुरात स्थापन झालेलं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया आहे, कॅथलिक आहेत, त्या ऐक्याबाहेर राहिलेले अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट आहेत, मुक्तिफौज आहे, पेंटेकोस्टल मंडळ्या आहेत. एका प्रहरात ‘उपासना संगीत’मधली गीतं, दुसऱ्यात स्तोत्रं आणि दीर्घ मौन. बारा ते तीन हा झोपेचा कठीण काळ पेंटेकोस्टलांना द्यावा. टाळ्या आणि ढोलकीपुढे डुलकी टिकत नाही. मात्र ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. त्यामुळे मैदानाऐवजी बंद सभागृह घ्यावं.

एक गोष्ट मात्र वाटून घेता येत नाही. कॅथलिक नियमांनुसार इतर पंथीयांना कम्युनियन देण्यावर कडक मर्यादा आहेत. मुक्तिफौजेत तर हा विधीच नाही. म्हणून मिस्सा किंवा प्रभुभोजन कार्यक्रमात न ठेवता वचन, गीत, मौन आणि मध्यस्थीची प्रार्थना यांवर रात्र उभी करावी. शुक्रवारची रात्र सगळ्यांना सोयीची. व्हॅटिकनच्या १९९३च्या मार्गदर्शिकेनुसार रविवारी असे आंतरपंथीय कार्यक्रम घेणं उचित नाही आणि अ‍ॅडव्हेंटिस्टांचा शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्तालाच सुरू होतो, म्हणून त्यांनाही ही रात्र उपासनेसाठी चालते.

खरे खटके उडतात ते बारीकसारीक बाबींवरून. जपमाळ होणार का? पेंटेकोस्टलांची ‘अन्य भाषांतून’ प्रार्थना होणार का? उत्तर ‘हो’ असेल तर ते आधीच छापील पत्रकात द्यावं. ज्यांना पटत नाही त्यांनी त्या वेळी शांत बसावं किंवा चहाला जावं. प्रभूची प्रार्थना एकाच पाठात छापावी, नाहीतर शेवटच्या ओळीला अर्धं सभागृह थांबतं आणि अर्धं पुढे जातं. प्रवचनाला वीस मिनिटांची मर्यादा असावी. अर्पण कुठल्या कामाला जाणार हे आधीच जाहीर करावं. आपल्या मंडळीत या, असं निमंत्रण त्या रात्री कुणी कुणाला देऊ नये. सभासद पळवल्याचा संशय आला, की पुढच्या वर्षी कुणी येत नाही. मुंबईत शेवटची लोकल गेल्यावर पहाटेपर्यंत घरी जाता येत नाही, म्हणून वृद्धांसाठी आणि मुलांसाठी सतरंज्या, पिण्याचं पाणी आणि उजेड असलेली स्वच्छतागृहं हवीत.

राहता राहिली समिती. इमारत बहुधा मोठ्या चर्चची असते, म्हणून निमंत्रकपद सर्वांत लहान मंडळीला द्यावं. जागा आणि कारभार दोन्ही एकाच्याच हाती गेली, की बाकीचे पाहुणे होतात. आणि पाहुणा जेवण झालं की निघण्याच्या तयारीत असतो.